दहा वर्षांपूर्वीची लाट

ओकुशिरी बेटाचं दक्षिण टोक नकाशावर बोटासारखं पुढे आलेलं दिसतं. जपानच्या होक्काइदोपासून पश्चिमेला सुमारे २० किलोमीटरवरचं हे १४३ चौरस किलोमीटरचं बेट. १९९३ मध्ये तिथे साधारण ४७०० माणसं राहत होती. माकूल, समुद्री साळ आणि शंखशिंपल्यांवर पोट असलेली कोळ्यांची वस्ती. त्या बोटावर आओनाए नावाचं गाव होतं. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला समुद्र, पूर्वेला बंदर आणि त्याच्याही पलीकडे समुद्र. गावाच्या पाठीशी मात्र सपाट माथ्याची टेकडी उभी होती. भूशिराच्या टोकावरच्या घरांपासून तिचा पायथा काही शे मीटरवर असेल. एरवी हे अंतर कोणी मोजलं नसतं. कोळ्याला बंदर किती जवळ आहे याच्याशी कर्तव्य, आणि बंदर दाराशीच होतं.

छोट्या बेटावर त्सुनामीतून माणसं हलवायची म्हणजे काय, हे ओकुशिरी दोन वेळा शिकलं. पहिला धडा १९८३ चा, दुसरा १९९३ चा. दुसऱ्या वेळी पहिलाच धडा आड आला. या बेटाची गोष्ट सांगावीशी वाटते ती त्यासाठी.

२६ मे १९८३ रोजी भर दुपारी, बाराच्या ठोक्याला, जपानच्या पश्चिमेकडच्या समुद्रात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. प्रशांत महासागराकडच्या किनाऱ्यावरच्या जपानी माणसाला त्सुनामी ठाऊक होती. पश्चिमेकडे मात्र ‘आपल्या समुद्राला त्सुनामी येत नाही’ असा समज पिढ्यान्‌पिढ्या घट्ट बसलेला होता. अकिता प्रांतात डोंगराकडच्या एका शाळेची मुलं त्या दिवशी सहलीला समुद्रावर आली होती. डबे उघडायची वेळ होती. लाट आली आणि त्यातली १३ मुलं गेली. हवामान खात्याचा इशारा भूकंपानंतर १४ मिनिटांनी निघाला. काही किनाऱ्यांवर लाट त्याच्या निम्म्या वेळात पोचली होती. त्या दिवशी एकूण १०४ माणसं मेली, त्यांतली १०० लाटेने.

ओकुशिरीत दोन माणसं दगावली. आओनाएच्या किनाऱ्यावर साडेचार मीटर उंचीची भिंत उठली आणि बेटाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: इथेही त्सुनामी येते. एवढीच गोष्ट बसली असती तर बरं झालं असतं. पण आठवण नुसती घटना साठवत नाही, तिच्यासोबत वेळही साठवते. १९८३ चा भूकंप बेटापासून बराच दक्षिणेला झाला होता. जमीन हलल्यापासून लाट किनाऱ्याला लागेपर्यंत बेटाला पाव तासाहून जास्त अवधी मिळाला होता. तेवढ्यात घरात शिरून महत्त्वाचे कागद काढता येतात. म्हाताऱ्या आईच्या पायात चपला सरकवता येतात, गाडी काढता येते, बंदरातल्या होडीचे दोर एकदा बघून येता येतं. असं हे १९८३ चं घड्याळ बेटाच्या अंगात भिनून गेलं.

१२ जुलै १९९३. रात्रीचे १० वाजून १७ मिनिटं. या वेळी भूकंप बेटाच्या अगदी कुशीत, पश्चिमेच्या समुद्रात झाला. तीव्रता ७.८.

ज्यांना दहा वर्षांपूर्वीची लाट आठवत होती त्यांतले कितीतरी जण धक्का बसताच आहे त्या कपड्यांत टेकडीकडे धावले आणि वाचले. हे आधी सांगायला हवं, कारण त्या रात्री वाचलेल्यांची संख्या त्यांच्यामुळे एवढी मोठी आहे. पण आठवण त्यांनाही होती जे थांबले. एकाला वाटलं, आवरून निघू. दुसऱ्याला वाटलं, गाडी काढू. अरुंद रस्त्यांवर गाड्या एकमेकींमागे अडकल्या. कोणी निघून परत फिरले, काही विसरलं म्हणून किंवा कोणी मागे राहिलं म्हणून.

हवामान खात्याने १९८३ नंतर फार मेहनत घेतली होती. १४ मिनिटांवरून इशारा ५ मिनिटांवर आणला होता. १० वाजून २२ मिनिटांनी मोठ्या त्सुनामीचा इशारा निघाला. जगातल्या कुठल्याही यंत्रणेला तेव्हा हे भूषण वाटलं असतं. पण बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला पाणी दोन-तीन मिनिटांतच लागलं होतं आणि आओनाएवर ते चार-पाच मिनिटांत चढलं. इशाऱ्याचे शब्द निघत होते तेव्हा भूशिराच्या टोकावरची घरं मोडत होती.

साडेचार मीटरच्या भिंतीवरून पाणी सहज आत आलं. आओनाएत लाटेची उंची सात ते दहा मीटर होती. पश्चिम किनाऱ्यावर मोनाईजवळच्या एका अरुंद घळीत पाणी ३१.७ मीटर उंचीपर्यंत चढल्याची खूण नंतर अभ्यासकांना सापडली. दहा मजली इमारतीएवढं पाणी. हा आकडा ऐकून माणूस थक्क होतो, पण माझ्या मते बेटाची खरी कथा त्या आकड्यात नाही. घळ होती, म्हणून पाणी दाटून वर गेलं. गाव बुडवायला सात मीटर पुरेसे होते.

पहिली लाट पश्चिमेकडून आली. सुमारे दहा मिनिटांनी पाणी बेटाला वळसा घालून पूर्वेकडून, बंदराच्या बाजूने आलं. ज्या बाजूला पाठ करून माणसं सुटकेचा श्वास टाकत होती, त्याच बाजूने. बेटावर ‘समुद्राच्या विरुद्ध दिशा’ असं काही नसतं, हे मुख्य भूमीवर राहणाऱ्याच्या पटकन लक्षात येत नाही. त्यापाठोपाठ आग लागली. घराघरांत गॅसचे सिलिंडर होते, थंडीसाठीच्या रॉकेलच्या टाक्या होत्या. लाटेतून वाचलेली घरं आगीने घेतली. पहाटेपर्यंत सुमारे १९० घरं जळाली. भूशिरावरचं दीपगृह उन्मळून पडलं. तिकडे उत्तरेला मुख्य बंदराशी भूकंपाने कडाच कोसळला आणि पायथ्याची माणसं दरडीखाली गेली. एकट्या ओकुशिरीत मृत आणि बेपत्ता मिळून १९८. त्यांतले शंभराहून अधिक आओनाएचे.

आता थोडा हिशेब मांडू, कारण बेटाचं स्थलांतर हे शेवटी हिशेबाचं काम आहे. म्हातारा माणूस, लहान मूल कडेवर घेतलेली बाई, रात्रीच्या अंधारात, सेकंदाला एक मीटर चालली तरी पुष्कळ. लाट पाच मिनिटांत येते, म्हणजे ३०० सेकंद. जोरदार भूकंपात जमीन हलत असताना उभंही राहता येत नाही, त्यात अर्धा-पाऊण मिनिट जातं. झोपलेला माणूस उठतो, दिवा शोधतो, घरच्यांना हाक मारतो. दोन मिनिटं गेली. उरली तीन. तीन मिनिटांत १८० मीटर. टेकडीचा पायथा त्याहून लांब असेल तर त्या माणसापुढे कुठलीच योजना टिकत नाही. मग दोनच वाटा: घर टेकडीजवळ न्यायचं, नाहीतर टेकडी घराजवळ आणायची.

ओकुशिरीने दोन्ही केलं. पण त्याआधी गावात मोठा वाद झाला. सगळं गाव वर न्यायचं की काही भागच? कोळी म्हणाले, बंदर सोडून आम्ही वर जाऊन काय करू? मासेमारी रात्री, जाळी-होड्या खाली. समुद्राने कूस बदलली तर ते खिडकीतून दिसायला हवं. मला या म्हणण्यात हट्ट दिसत नाही. ज्याचं पोट पाण्यावर आहे त्याला पाण्यापासून दूर नेणं हीही एक प्रकारची उचलबांगडीच. शेवटी मध्यममार्ग निघाला. टोकावरची वस्ती, जिथे काहीच उरलं नव्हतं, ती टेकडीवर हलवली. टोकावर आज बाग आहे, मृतांचं स्मारक आहे आणि २००१ मध्ये उघडलेलं त्सुनामी संग्रहालय आहे. घर एकही नाही. उरलेलं गाव खालीच राहिलं, पण त्याच्यापुढे भिंत उठली आणि भिंतीमागे भराव घालून जमीनच उचलली गेली.

ती भिंत बेटाभोवती मिळून सुमारे १४ किलोमीटर झाली. सर्वांत उंच जागी ११ मीटर. ठिकठिकाणी टेकडीवर चढणारे जिने आणि उतार बांधले. आओनाएची प्राथमिक शाळा पुन्हा बांधताना तळमजला मोकळा ठेवला, नुसते खांब, म्हणजे पाणी आलंच तर खालून निघून जावं आणि मुलं वर राहावीत. घराघरांत आपत्तीची सूचना थेट ऐकू येणारे रेडिओ बसवले. आणि बंदरावर, जिथे टेकडीपर्यंत पळायला वेळ मिळणार नाही, तिथे काँक्रीटचं एक भलंमोठं मचाण उभारलं. साडेसहा मीटरहून थोडं उंच, खांबांवर उभं, खाली होड्या आणि जाळी, वर जायला जिने. त्याला ‘बोकाइक्यो’ म्हणतात, समुद्राकडे पाहणारा पूल. त्यावर एका वेळी सुमारे २३०० माणसं उभी राहू शकतात. घराजवळ आणलेली टेकडी ती हीच.

देशभरातून सुमारे १९ अब्ज येन देणग्या आल्या. मार्च १९९८ मध्ये बेटाने पुनर्बांधणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. हवामान खात्यानेही आपलं घड्याळ पुन्हा जुळवलं: भूकंपमापकांचं जाळं दाट केलं, हजारो संभाव्य भूकंपांची गणितं आधीच करून संगणकात साठवली आणि तीन मिनिटांत इशारा देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. पाचावरून तीन. पण पश्चिम किनाऱ्याला लाट दोन-तीन मिनिटांत लागली होती, हे विसरता येत नाही.

ओकुशिरीच्या शेजारी दुसरं एक बेट ठेवून पाहावंसं वाटतं. सुमात्राच्या पश्चिमेला, आचे प्रांताच्या किनाऱ्यापासून सुमारे १५० किलोमीटरवर सिमेउलुए आहे. लवंगा, नारळ, म्हशी आणि मासे यांवर जगणारं. ४ जानेवारी १९०७ रोजी, डच अमलात, तिथे भूकंप झाला आणि लाट आली. समुद्र आधी मागे सरला, उघड्या पडलेल्या खडकांवर मासे तडफडताना दिसले, माणसं ते वेचायला खाली उतरली. ती परतली नाहीत. वाचलेल्यांनी या पाण्याला बेटावरच्या देवायान भाषेतला शब्द दिला: स्मोंग. पुढची ९७ वर्षं तो शब्द आज्यांच्या तोंडी राहिला. झोपवताना सांगायच्या गोष्टींत, गाण्यांत, मुलगा फार दंगा करू लागला तर घातलेल्या धाकात. सांगायचं एवढंच: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला तर डोंगराकडे पळ.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी जमीन हलली. बेटाच्या उत्तर टोकाला लांगी नावाचं गाव आहे. तिथे पहिली लाट भूकंपानंतर अवघ्या आठ मिनिटांत आली आणि ती दहा मीटरहून उंच होती. घरं पायापासून धुऊन निघाली. माणसं मात्र डोंगरावर होती. ‘स्मोंग! स्मोंग!’ एवढी हाक पुरली. बेटाची लोकसंख्या तेव्हा पाऊण लाखाच्या पुढे होती आणि मृत्यू झाले सात. त्याच सकाळी समोरच्या आचेच्या किनाऱ्यावर एक लाखाहून अधिक माणसं गेली. तिथे त्या शब्दाचा पत्ता नव्हता. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी सिमेउलुएच्या लोकांना आपत्ती-निवारणाचा सासाकावा पुरस्कार दिला.

मला सिमेउलुएच्या आठवणीत एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: तिच्यात मिनिटं नव्हती. आजीने ‘आमच्या वेळी इतका वेळ मिळाला’ असं कधी सांगितलं नाही. हललं की पळ, इतकंच. २ नोव्हेंबर २००२ रोजी बेटाजवळ मोठा भूकंप झाला होता आणि मोठी लाट आली नव्हती. तरीही दोन वर्षांनी माणसं पळाली. ओकुशिरीच्या आठवणीला दहाच वर्षं झाली होती, ती जास्त ताजी होती, जास्त तपशीलवार होती, आणि त्या तपशिलातच पाव तासाचा विसावा दडलेला होता.

पण सिमेउलुएचं कौतुक करताना तिथल्या डोंगराचे आभार विसरू नयेत. बहुतेक गावांच्या मागे चढ जवळ आहे. हीच शिकवण कार निकोबारवर नेली तर काय होईल? ते प्रवाळाचं, जवळजवळ सपाट बेट. त्याच २६ डिसेंबरला, आपल्या वेळेनुसार सकाळी साडेसहाला, भूकंप झाला तेव्हा रविवार होता, नाताळचा दुसरा दिवस. निकोबारी माणसांची गावं किनाऱ्यालगत, चर्च किनाऱ्यालगत, हवाई दलाचा तळही किनाऱ्यालगत. आणि त्यांच्या आठवणीत लाट नव्हती. खरं तर ३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळच मोठा भूकंप होऊन त्सुनामी उठली होती. पोर्ट ब्लेअर आणि मद्रासच्या भरतीमापकांवर तिची नोंद झाली. पण ती लाट एक मीटरहून कमी होती. यंत्राने ती टिपली, माणूस ती विसरला. २००४ मध्ये अंदमान-निकोबारमध्ये सरकारी आकड्यानुसार साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मृत आणि बेपत्ता झाली. प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असावी असं कितीतरी जणांना वाटतं.

आपण मराठी माणसं याबाबत वेगळी आहोत असं नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि सकाळी आठच्या सुमारास मुंबईला लाट लागली. सुमारे दोन मीटरची. वर्सोवा, माहीम या भागांत मिळून पंधराएक माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. आज वर्सोव्याच्या कोळीवाड्यात भरती-ओहोटीची वेळ पोरासोरांना तिथीवरून सांगता येते. त्या सकाळच्या पाण्याला मात्र आपल्या भाषेत नाव नाही.

निकोबारने आणखी एक प्रश्न पुढे ठेवला. भूकंपाने ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून अधिक खचलं आणि तिथल्या दीपगृहाच्या पायाशी समुद्र आला. उलट सिमेउलुएचा वायव्य किनारा त्याच भूकंपात मीटर-दीड मीटर वर उचलला गेला, प्रवाळ उघडे पडून पांढरे झाले. म्हणजे लाटेच्या आधीच किनारा आपली जागा बदलतो. ‘समुद्रसपाटीपासून सहा मीटर उंच’ असं कागदावर लिहिलेलं आश्रयस्थान भूकंपानंतर दोन मीटर उंचही असू शकतं. पुनर्वसनाच्या वेळी निकोबारमध्ये घरं आतल्या उंच भागाकडे नेली, आणि त्यासोबत नारळाच्या बागा, होड्या, मचाणावरच्या गोल झोपड्या यांच्याशी असलेला रोजचा संबंध तुटला, याचं दुःख निकोबारी लोक आजही सांगतात. ओकुशिरीच्या कोळ्यांनी केलेला वाद इथे पुरेसा कोणी ऐकूनच घेतला नाही, असं माझं मत आहे. भारताचं त्सुनामी इशारा केंद्र हैदराबादला ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झालं आणि ते चांगलं काम करतं. पण हैदराबादचा संदेश निघून कार निकोबारच्या गावप्रमुखापर्यंत पोचेस्तोवरची मिनिटं त्या बेटाला परवडतील का, हा हिशेब आओनाएच्या हिशेबापेक्षा वेगळा नाही.

जपानचाही हा हिशेब सुटलेला नाही. १ जानेवारी २०२४ ला तिथल्या नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा सुझु शहराच्या काही भागांत लाट मिनिटा-दोन मिनिटांत पोचली. तीन मिनिटांच्या यंत्रणेलाही ते जमण्यासारखं नव्हतं.

२०११ च्या महालाटेनंतर जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागातल्या उद्ध्वस्त गावांतले लोक ओकुशिरीला येऊ लागले. भिंत कशी बांधली, जमीन कशी उचलली, वर कोण गेलं, खाली कोण राहिलं, हे पाहायला. त्यांना सगळं व्यवस्थित दिसलं. भिंती शाबूत, जिने शाबूत, शाळा खांबांवर. एक गोष्ट मात्र आराखड्यात नव्हती. तरुण बेट सोडून गेले. मासेमारी मंदावली. भिंतीमागची काही भराव घातलेली जागा गवताने भरली. जे राहिले त्यांतले पुष्कळ म्हातारे झाले, आणि जुलैच्या रात्री पळत चढलेल्या माणसाला तोच जिना आता जानेवारीच्या बर्फात, गुडघेदुखीसकट चढायचा आहे. तीन मिनिटांत १८० मीटर हा हिशेब त्याच्यासाठी कधीच चुकलेला आहे.

१९९३ मध्ये ४७०० माणसं असलेल्या त्या बेटावर आता अडीच हजारांहूनही कमी उरली आहेत. बंदरावरचं ते काँक्रीटचं मचाण बांधलं तेव्हा गावातल्या आणि बंदरावर कामाला आलेल्या माणसांसाठी होतं. आज त्यावर जवळजवळ अख्खं बेट मावेल.